सांतांदेरहून आलेली बाई

कादिस, ९ जून

लोरेतो,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपलं बोलणं "कशी आहेस"च्या पुढे सरकलं की आपल्यातली एकजण फोन ठेवते, म्हणून लिहायला बसलेय. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी रविवारची दुपार घालवतेय.

विषय बाबा. आपल्यात दुसरा विषय उरलाय तरी कुठला?

बाबाने या वयात कामधंदा सुरू केलाय. रोज सकाळी दाढी करतो, आईने घेतलेला निळा कोट चढवतो, टोपी घालतो आणि कॅथेड्रलच्या चौकात जाऊन पर्यटकांच्या घोळक्यात घुसतो. आधी नुसता मागे उभा राहून ऐकायचा. मग गाईडच्या चुका काढायला लागला. आता सरळ पुढे होऊन स्वतःच बोलतो. कॅथेड्रलचा घुमट पिवळा का, तर बिशपला अंड्याचा बलक फार आवडायचा. आणि तो रंग दिला कुणी? बाल्दोमेरोने, म्हणजे खुद्द बाबाने, कमरेला दोर बांधून, खाली बायका रडत असताना. त्याने जन्मभर गोदीत जहाजं रंगवली हे खरं, पण घुमटाला कधी हातसुद्धा लावलेला नाही हे तुलाही माहीत आहे. आलामेदाच्या बागेतलं ते अवाढव्य झाड म्हणे कोलंबसच्या मावशीने लावलं. बंदरात जे प्रवासी जहाज उभं असेल ते त्यानेच रंगवलेलं. समोर जर्मन असले तर हेच सगळं जास्त मोठ्याने सांगतो.

तुला हसू येतंय. मला माहीत होतं. लोकांनाही येतं. त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. कुणीतरी इंटरनेटवर लिहून ठेवलंय की कादिसमधला सगळ्यात चांगला गाईड म्हणजे निळ्या कोटातले म्हातारे बाल्दोमेरो, आणि तेही फुकट. आता माणसं त्याला शोधत येतात.

परवा योलांदा दारात उभी. ती लाल छत्रीवाली गाईड, आपल्या शेजारच्या चेलोच्या भाचीबरोबर शिकलेली.

"एन्कार्ना, मला सांगायला वाईट वाटतं," ती म्हणाली, "पण मी परीक्षा देऊन परवाना घेतलाय. तुझा बाबा माझी माणसं पळवतो."

"म्हातारा आहे गं. करमत नाही त्याला."

"मला तरी कुठे करमतंय? काल अर्धा गट त्याच्या मागे गेला. मी तटबंदीबद्दल सांगत होते आणि ते तिकडे मावशीचं झाड बघत होते. मग येऊन मलाच विचारतात, मावशीचं नाव काय."

मी तिला कॉफी दिली. आणखी काय देणार?

पण तुला लिहिण्याचं कारण योलांदा नाही. संध्याकाळी मी बाबाला विचारलं, "त्या पोरीला का छळतोस?" तर म्हणाला, "कुठली पोरगी? मी आज घराबाहेर पडलोच नाही." आणि ते खोटं बोलताना बोलतो तसं बोलला नाही. त्याच्या बुटांत वाळू होती, लोरेतो. तो स्वतःच त्या वाळूकडे बघत बसला.

सध्या शाळेला सुटी आहे म्हणून मी त्याच्या मागे धावू शकते. पुढे काय करायचं ते तू सुचव. कधीतरी तूही काही सुचव.

एन्कार्ना


कादिस, २ जुलै

लोरेतो,

माझ्या चार पानांना तुझा दोन ओळींचा निरोप आला. "चालतोय-फिरतोय, लोकांत मिसळतोय, छानच आहे. शाळेला जूनच्या सुरुवातीलाच सुटी कशी?"

म्हणजे पत्र तू नीट वाचलंस. बरं वाटलं. तर ऐक. मी शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम ईस्टरलाच सोडलं. मोठ्या पातेल्यात मसूर शिजत असायचे आणि चेलोचा फोन यायचा, की बाबा मासळीबाजारात कुणाशी तरी भांडतोय, किंवा बाबा कुणाच्या तरी दारात उभा राहून आईला हाका मारतोय. मी तशीच पळायची. मुख्याध्यापिका चांगली बाई आहे, पुष्कळ दिवस काही बोलली नाही. एक दिवस मसूर करपले आणि पोरांना पाव-चीज खाऊन घरी जावं लागलं. त्या दिवशी मीच एप्रन काढून खुंटीला लावला. तुला सांगणार नव्हते. तू "घाई केलीस" म्हणाली असतीस, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता छानच चाललंय ते ऐक. गेल्या आठवड्यात लेवांते सुटला होता. तुला तिकडे उत्तरेत राहून तो वारा आठवतोय का माहीत नाही. दारं आपटतात, वाळू दातांत जाते, माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. अशा दिवशी बाबाने जहाजावरून उतरलेला म्हाताऱ्या-म्हातारींचा एक घोळका गाठला आणि ला कालेताच्या पुळणीवरून, तो लांब दगडी रस्ता तुडवत, समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत नेला. दोघींच्या हातात काठ्या होत्या. तिथे त्यांना भिंतीच्या आडोशाला बसवून बाबा गोष्टी सांगत राहिला. जहाज भोंग्यावर भोंगे देतंय, ती माणसं घड्याळं दाखवताहेत, आणि बाबा म्हणतोय, "बसा हो. ते जहाज मी रंगवलंय. मला विचारल्याशिवाय सुटत नाही."

पोलिसांच्या गाडीतून ती माणसं बंदरात पोचली. दुसऱ्या गाडीतून बाबा घरी आला. पोलीस अगदी कोवळा होता.

"बाई, यांना एकटं सोडू नका," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मला वर कळवावं लागेल. मग समाजकल्याणवाले येतात, प्रश्न विचारतात."

"मला विचारू देत. मलाही कुणाला तरी प्रश्न विचारायचेत."

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "तू कुणाचा रे? तुझा आजा माझ्याबरोबर गोदीत होता. उसने घेतलेले ब्रश कधी परत केले नाहीत त्याने." पोलीस हसला. सगळे हसतात. मग निघून जातात.

दुसऱ्या दिवशी मी दाराला कुलूप लावलं. बाबा खिडकीत जाऊन रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगायला लागला, "या बाईने मला कोंडून ठेवलंय." ही बाई. मी कुलूप काढलं.

आईला पोचवून आल्यावर मी तुला काय म्हटलं होतं ते तुला आठवत असणारच, कारण त्यावरूनच तू धड बोलणं टाकलंस. अर्धं वर्ष तू ने, अर्धं वर्ष मी बघते. तू म्हणालीस, त्याला समुद्र सोडून राहता येणार नाही. तुझ्या सांतांदेरला काय वाळवंट आहे?

एन्कार्ना


कादिस, १९ जुलै

रविवारी तू बाबाशी बोललीस आणि नंतर मला कळवलंस की तो "एकदम ठणठणीत" वाटला. वाटणारच. दर रविवारी तू त्याला तेच विचारतेस, जेवलास का, हवा कशी आहे, आणि तो तेच सांगतो. हवेबद्दल त्याला कधीच अडखळावं लागत नाही. फोन ठेवल्यावर त्याने मला विचारलं, कोण होतं. मी सांगितलं, लोरेतो. तो म्हणाला, "हो का, छान बोलते."

डॉक्टरकडेही तेच. त्यांनी विचारलं, आत्ता कुठला महिना चालू आहे? बाबा म्हणाला, "डॉक्टर, एवढं शिकून तुम्हाला महिना माहीत नाही?" डॉक्टर हसून लोटपोट. मी हसले नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडेच जरा काळजीने पाहिलं.

पत्रांनी काही होत नाही. तू ये. बघायला ये.


कादिस, २४ ऑगस्ट

लोरेतो,

तू आलीस. मी म्हटलं म्हणून आलीस, हे मी नाकारत नाही. पण मी तुला बाबाला बघायला बोलावलं होतं, आणि तू आणि तुझा इग्नासिओ कादिस बघायला आलात. व्हिक्टोरियाच्या पुळणीवरचं हॉटेल, समुद्राकडची खोली, डोक्यावर गवती हॅट. "आपल्या घरी झोपायला जागा कमी" हे कारण मी मान्य केलं. ज्या खोलीत आपण दोघी एका पलंगावर वाढलो त्या खोलीत तुला जागा कमी पडली.

बाबा त्या आठवड्यात देवदूत होता. मनोऱ्यावर चढला. बाजारात शिंपले घासाघीस करून घेतले. इग्नासिओला त्याने घुमटाची गोष्ट सांगितली, झाडाची सांगितली, आणि इग्नासिओ, दातांचा डॉक्टर, एवढा मोठा माणूस, डोळे पुसत हसत होता. बाबाने तुला नावाने हाक मारली, तू लहानपणी जेलीफिशवर पाय दिला होतास तेही सांगितलं. मी मागून पिशव्या घेऊन चालत होते आणि मनात म्हणत होते, चूक कर. एक तरी चूक कर, बाबा, तिच्यासमोर. स्वतःच्या बापासाठी असं मागणारी बाई मी झालेय, एवढं तुला कळलं तरी पुरे.

मग शेवटच्या दुपारी ला कालेतावर तू मला बाजूला घेतलंस. चेलो आणि तिच्या मैत्रिणींचा बिंगो रंगात आला होता. बाबा खुर्चीत टोपी तोंडावर घेऊन पडला होता.

"एन्कार्ना, बाबाला काही झालेलं नाही," तू म्हणालीस. "वय झालंय, एवढंच. खरी दमलीस ती तू. दमलेल्या माणसाला सगळे आजारी दिसतात."

"मग मला विश्रांती दे. त्याला घेऊन जा."

"त्याचं सगळं आयुष्य इथे आहे. त्याला उपटून नेऊ?"

"आणि माझं कुठे आहे?"

"तुझं इथेच आहे ना. तुला कुठे जायचंय?"

त्यावर मी काय काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही, पुळणीवरच्या निम्म्या लोकांनी ऐकलंय. चेलो हातात आकड्याची गोटी धरून तशीच उभी होती. शेवटी म्हणाली, "पोरींनो, तुमचं भांडण झालं की सांगा. मागच्या बायकांना आकडा ऐकू येत नाहीये." आणि इग्नासिओ कोळंबीची भजी घेऊन आला आणि म्हणाला, गरम आहेत, आधी खाऊन घ्या.

आता हे वाच, आणि वाचून मी रचलंय असं म्हण. स्टेशनवर तुम्ही गाडीत चढलात. बाबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत टोपी हलवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छान जोडपं होतं. कुठलं होतं ते?"

लोरेतो, तो आठवडाभर तुला कादिस दाखवत होता. जेलीफिशची गोष्ट तो सगळ्यांना सांगतो. तुझं नाव इग्नासिओ मिनिटामिनिटाला घेत होता, त्यातून त्याने ते उचललं असणार. मी हे तिथल्या तिथे तुला फोन करून सांगणार होते. केला नाही. तू गाडीत बसून रडावंस अशी माझी इच्छा होती, आणि तू रडणार नाहीस अशी खात्रीही होती.

एन्कार्ना


कादिस, १३ सप्टेंबर

लोरेतो,

तुझं उत्तर पोचलं. "थकव्यात माणूस एखादं वाक्य चुकीचं ऐकतो." ठीक आहे. पटवायचा नाद मी सोडला. आज फक्त काय घडलं ते लिहिते, कारण इथे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

मंगळवारी सकाळी मी अंघोळ करत असताना बाबा सटकला. चौकात नाही, बाजारात नाही, बंदरात नाही. मी ओल्या केसांनी अर्धं गाव पालथं घातलं. शेवटी योलांदाचा फोन आला. हल्ली तीच कळवते मला, रागवायचंही तिने सोडलंय. "आलामेदात बसलाय. एकटाच आहे. आज कुणाला काही सांगत नाहीये."

मोठ्या झाडाखालच्या बाकावर होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. धाप लागली होती, आणि काय काय बोलायचं ते सगळं ओठांवर तयार होतं. तो उठला. टोपी काढली.

"नमस्कार बाई. एकट्याच आलात? कुठून आलात तुम्ही?"

मला आधी वाटलं थट्टा करतोय. आपल्या घरात कुणी कुणाला कधी तुम्ही म्हटलेलं नाही. मग त्याचे डोळे पाहिले. त्यांत ओळख नव्हती, नुसतं अगत्य होतं. असं अगत्य त्याने माझ्यासाठी कधी वापरलेलं मला आठवत नाही.

मी ओरडायला हवं होतं, किंवा रडायला. मी एवढी वैतागले होते की तोंडातून निघालं, "सांतांदेरहून."

"वा. माझी मुलगी असते तिथे. म्हणजे तुम्हाला थंड पाण्याची सवय असणार. चला, तुम्हाला आमचं दाखवतो."

आणि तो मला कादिस दाखवायला निघाला. तटाच्या कडेकडेने, बागेवरून, ला कालेतापर्यंत. मावशीचं झाड दाखवलं. बंदरात जहाज नव्हतं, तर जिथे असतं ती रिकामी जागा दाखवली. पायऱ्या आल्या की हात पुढे करायचा. "सांभाळून बाई, इथे शेवाळ आहे." मी त्याचा हात धरून त्या पायऱ्या उतरले, ज्यांवरून रोज त्याला मी उतरवते.

पुळणीवर पोचल्यावर आम्ही जुन्या स्नानगृहाच्या सावलीत बसलो. पोरं पाण्यात उड्या मारत होती. तो त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तुम्ही परक्या आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला पोहता येत नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला? गोदीत काम केलंत ना?"

"तिथेच तर झालं. नवा होतो. फळीवरून घसरून जहाज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत पडलो. काढलं मला, पण त्यानंतर पाणी गुडघ्यावर आलं की छातीत कुणीतरी मूठ आवळतं. बायकोला सांगितलं नाही. मुली लहान होत्या, हाताला धरून ओढायच्या पाण्याकडे. मी म्हणायचो, कपड्यांवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको का? धाकटी फार रडायची, बाबा ये म्हणून. मी आपला कपडे राखत बसायचो."

लोरेतो, आपण त्याला आळशी म्हणायचो. आई पण म्हणायची. मी किती वर्षं म्हणत आलेय.

मग मी ते विचारलं. विचारायला नको होतं, पण अशी संधी पुन्हा मिळाली नसती. "मुली कशा आहेत तुमच्या?"

"मोठी हुशार. उत्तरेला असते, तिचा नवरा दात काढतो."

"आणि धाकटी?"

तो पाण्याकडे बघत राहिला. जणू मी त्याला हवा कशी आहे असं काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तर देण्यासारखं त्यात काय आहे हे त्याला समजत नव्हतं.

"ती आहे," तो म्हणाला.

एवढंच. मी तीन दिवस या दोन शब्दांची भाकरी करून चघळतेय. चांगली नाही, वाईट नाही, रागीट, प्रेमळ, काही नाही. ती आहे. कधी वाटतं याच्याइतका अपमान माझा कुणी केला नाही. कधी वाटतं, तो दुसऱ्या कुणाबद्दल हे म्हणू शकला नसता.

मग तो उठला. म्हणाला, "आता मला गेलं पाहिजे. घरी जेवायची वेळ झाली, उशीर झालेला चालत नाही तिथे." टोपी उचलून वाकला आणि आपल्या गल्लीकडे चालू लागला. बरोबर गल्लीकडे. मी मागच्या बोळातून धावले, जिना चढले, एप्रन बांधला. दार वाजलं तेव्हा मी चमचा हातात घेऊन उभी होते.

"कुठे होतास?"

"एका बाईला गाव दाखवत होतो," तो म्हणाला. कोट काढून माझ्या हातात दिला. "सांतांदेरची होती. बिचारी फार दमलेली वाटली."

मी त्याला वाढलं. तो पोटभर जेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एन्कार्ना


कादिस, ४ ऑक्टोबर

लोरेतो,

मी विचारत नाहीये, कळवतेय. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी सांतांदेरला निघतेय. तिकीट काढून झालं. तू शुक्रवारपर्यंत इथे पोच. हॉटेल नाही, घरी. पलंगावर धुतलेल्या चादरी असतील. तू आली नाहीस तर शनिवार संध्याकाळपर्यंत चेलो त्याच्याजवळ बसेल. त्यानंतर तिला बिंगो आहे, आणि बिंगो ती कुणासाठी सोडत नाही.

मी तुझ्या घरी, तुझ्या पलंगावर झोपेन. इग्नासिओला सांगून ठेव, त्याने बैठकीत झोपावं. त्याने मला काही दाखवायची गरज नाही.

बाबाला सकाळी कॉफीत दूध जास्त लागतं. निळा कोट घातल्याशिवाय तो बाहेर पडत नाही, म्हणून मी तो माझ्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवते. बाकीचं तुझं तुला कळेल. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

एन्कार्ना


सांतांदेर, २१ ऑक्टोबर

लोरेतो,

काल फोनवर तू एवढी रडत होतीस की मला धड बोलता आलं नाही, आणि मागून बाबा "त्या बाईंना पाणी द्या कुणीतरी" म्हणत होता ते ऐकू येत होतं. म्हणून पुन्हा कागद घेतला. तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलेय. इग्नासिओला मीठ कुठे असतं ते माहीत नाही. या घरात त्याला राहून तीस वर्षं होत आली.

तू म्हणालीस, पहिले दिवस बरे गेले, आणि मग मंगळवारी पुळणीवर त्याने तुला विचारलं की तुम्ही कुठल्या देशाच्या. तू म्हणालीस, मी लोरेतो. तो म्हणाला, वा, माझ्या मुलीचंही हेच नाव. तू ऐकलं नाहीस. तू पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलंस, हे बघ आडनाव, हा बघ फोटो. आणि तो घाबरला. हात डोक्यावर घेऊन वाळूत बसला, आणि चेलोने येऊन त्याला उठवलं.

दोन वर्षं मी एक वाक्य तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. "मी सांगत नव्हते?" ते ऐकताना तुझं तोंड कसं होईल हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. काल ते म्हणायची वेळ आली आणि मला त्याची चवच लागेना. मी फक्त फोन धरून बसले. तू ठेवला नाहीस, मीही नाही. इग्नासिओ दोनदा येऊन बघून गेला.

तर आता ऐक. त्याच्याशी भांडू नकोस. तू कोण आहेस ते त्याला पटवू नकोस, त्याने काही सिद्ध होत नाही, फक्त दोघं दमता. त्याने विचारलं कुठून आलात, तर सांग, लांबून. लांबून आलेल्या माणसासाठी तो जास्त वेळ काढतो. पायऱ्यांवर हात पुढे केला तर धर. आणि त्याला प्रश्न विचार, त्याचे स्वतःचे. घुमटाबद्दल नको, ते खोटं आहे. पाण्याबद्दल विचार, आईबद्दल विचार. तुला ऐकवणार नाही ते परकीला ऐकवेल. तुझ्याबद्दल मात्र विचारू नकोस. किंवा विचार, पण उत्तर काय येईल याची जबाबदारी माझी नाही.

योलांदाचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. ती चांगली मुलगी आहे. तिला कॉफी दे.

आणि तू फोनवर शेवटी जे म्हणालीस, की हिवाळ्यात त्याला इकडे आणते, सहा महिने, ते मी ऐकलं. इग्नासिओही ऐकत होता, आणि आज सकाळी तो मागची खोली रिकामी करायला लागला. तरी मी हो म्हणत नाही. तू रडणं थांबवल्यावर, बाबा शेजारी बसलेला असताना, पुन्हा म्हण. मग बघू.

इथली पुळण लांबलचक आहे आणि ऑक्टोबरात कुणी नसतं. रोज सकाळी एकटी जाते. इग्नासिओ विचारतो, राजवाडा बघायचा का, दीपगृह बघायचं का. मी म्हणते, मला काहीही बघायचं नाही. त्याला वाटतं मी रागावलेय. आहेही थोडी.

तिकीट सोमवारचं होतं. ते मी बदलून घेतलंय, त्याच्या पुढच्या सोमवारचं. कारण विचारू नकोस. पाणी बर्फासारखं आहे, रोज थोडी पुढे जाते, आणि मी अजून कमरेपर्यंतच पोचलेय.

एन्कार्ना